एका ओळीत दोन शब्द

विद्यापीठाच्या संगणक केंद्रातली माणसं काय बोलतात ते कळत नाही, ही प्राध्यापकांची जुनी तक्रार होती. त्या हिवाळ्यात झालेल्या सभेत एका विभागप्रमुखांनी तर उभं राहून सांगितलं, "फोन केला की म्हणतात, तुमचं तिकीट वर पाठवलंय. अहो, मला कुठे गावाला जायचंय? मला प्रिंटर चालू करून हवाय!" सगळी सभा हसली. केंद्राचे प्रमुख प्यो साहेबही हसले, पण परत आले ते कान लाल करून, आणि कोटही न काढता हेल्पडेस्कच्या काउंटरपाशी ज्वा मीहोसमोर येऊन उभे राहिले.

"ज्वा मॅडम, आपण जे शब्द वापरतो ना, तिकीट, रीसेट, कोटा वगैरे, ते सगळे सोप्या भाषेत लिहून काढा. वेबसाइटवर टाकू. परत माझी अशी शोभा व्हायला नको."

"मी लिहू? वरच्या मजल्यावर इंजिनियर आहेत की."

"त्यांना दिलं तर ते आणखी दहा शब्द वाढवून ठेवतील. दिवसभर माणसांशी तुम्ही बोलता. तुम्हीच लिहा."

मीहोला बरं वाटलं. ती याच जेजू बेटावर जन्मलेली. मधली काही वर्षं सोलमध्ये एका कॉल सेंटरवर काढून, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आलेली. नोकरी कंत्राटी होती, दर ऑगस्टला नवी सही. फोन उचलायचा, समोरच्याचा राग ऐकून घ्यायचा, पासवर्ड बदलून द्यायचा, यापलीकडे तिला आजवर कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. तिने मन लावून लिहिलं. 'तिकीट म्हणजे तुमच्या तक्रारीला दिलेला नंबर. तो सांगितला की तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.' 'कोटा म्हणजे तुमच्या वाट्याला आलेली जागा.' लिहिता लिहिता ती 'सिंक' आणि 'बॅकअप' या दोन शब्दांपाशी आली, तेव्हा तिथे जरा जास्तच रमली. सिंक म्हणजे आरसा, असं तिने लिहिलं. तुम्ही समोर आहात तोवर तुम्ही आरशात आहात. उठून गेलात की आरसाही रिकामा. बॅकअप म्हणजे फोटो. तुम्ही गेलात तरी तो राहतो.

प्यो साहेबांनी वाचलं. "छान आहे. पण लांबलंय हो. मोबाइलवर एका नजरेत आलं पाहिजे. आरसे-बिरसे काढा, निम्मं करा."

तिने निम्मं केलं. आरसा गेला, फोटो गेला. शेवटी दोन ओळी जास्त होत होत्या म्हणून तिने ते दोन शब्द मध्ये एक तिरकी रेघ मारून एकाच ओळीत बसवले. 'सिंक / बॅकअप : तुमच्या फाइली आपोआप विद्यापीठाच्या क्लाउडवरही ठेवल्या जाण्याची सोय.' वाचताना तिला ते खटकलं. पण दुसऱ्या दिवसापासून विषयनोंदणीचा आठवडा सुरू व्हायचा होता. त्या आठवड्यात सगळं विद्यापीठ एकाच वेळी एकाच दारातून आत घुसायला बघतं, आणि ते दार पडलं की शिव्या हेल्पडेस्कला. पुढच्या आठवड्यात नीट करू, असं म्हणून तिने पान पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात प्राध्यापक ह्यन तेगिल यांचा फोन आला.

ह्यन सर भाषाशास्त्राचे. बेटाच्या बोलीचा शब्दकोश करण्यात त्यांची हयात गेली होती. ही बोली मुख्य भूमीवरच्या माणसाला अर्धीही कळत नाही, आणि आता बेटावरच्या पोरांनाही कळत नाही. शाळेत बोललं की मास्तर हातावर छडी मारायचे, तो काळ मीहोच्या आईने पाहिला होता. सर तरुणपणापासून खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून गावोगाव हिंडले. घोडे राखणारे, समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायका, कोळसा पाडणारे, दारू गाळणाऱ्या आज्या, सगळ्यांना त्यांनी बोलतं केलं. काहींनी तर फौजेने बेटावरची गावं जाळली, माणसं मारली, त्या वर्षाबद्दलही सांगितलं होतं. पोटच्या पोरांनाही कधी सांगितलं नव्हतं ते. "माझं तोंड बंद झाल्यावर ऐकव लोकांना," असं सांगून काहींनी दार लावून घेऊन बोलून घेतलं होतं.

बेटावरच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा सरांनी अनेक हिवाळे खर्च करून एकेक कॅसेट स्वतःच कॉम्प्युटरवर उतरवली. नंतर इमारतीच्या दुरुस्तीसाठी खोल्या रिकाम्या करायची वेळ आली. त्या काळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या कॅसेटी त्यांनी कचऱ्याच्या गाडीत घालू दिल्या. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, आणि क्लाउडवरही.

फोन का, तर त्यांना केंद्राची सूचना आली होती. क्लाउड पुरवणाऱ्या कंपनीने फुकटची जागा बंद केली होती, विद्यापीठाने प्रत्येकाला कोटा ठरवून दिला होता. सर त्या कोट्याच्या कितीतरी पट पुढे गेले होते. मुदतीत जागा मोकळी केली नाही तर खातं बंद होईल, असं तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं.

"ज्वा मॅडम, तुमचं शब्दांचं पान वाचलं. फार चांगलं केलंत. पहिल्यांदा काहीतरी कळलं," सर म्हणाले. "मला एवढंच सांगा. माझ्या फाइली क्लाउडवर आहेत आणि माझ्या कॉम्प्युटरवरही आहेत. दोन्हीकडे आहेत. बरोबर ना?"

"फाइलच्या नावापुढे हिरवी खूण दिसते का सर?"

"दिसते."

"मग दोन्हीकडे आहेत."

"म्हणजे काळजी नाही."

मीहोच्या समोर वाट बघणाऱ्या फोनचे दिवे लुकलुकत होते. काउंटरवर एक मुलगी रडत होती, तिची नोंदणी मध्येच तुटली होती. "नाही सर," ती म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.

सरांनी क्लाउडवरची फाइलींची अख्खी पेटी निवडली आणि काढून टाकली. कोटा मोकळा झाला. त्यांच्या कॉम्प्युटरवरची पेटीही त्याच दुपारी मुकाट रिकामी झाली, पण ते त्यांनी पाहिलं नाही. पत्नीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. मग नवं सत्र, परीक्षा, निवृत्तीची कागदपत्रं. काढलेल्या फाइली क्लाउडच्या कचरापेटीत महिनाभर राहतात. तो महिना कधी आला नि गेला ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मे महिन्यात, संत्र्याच्या बागा फुलून सगळ्या बेटाला वास सुटलेला असताना, सर स्वतः हेल्पडेस्कवर आले. हातात लॅपटॉप होता, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"मॅडम, जरा बघता का? एक पेटी उघडत नाहीये. म्हणजे उघडते, पण आत काही दिसत नाही. माझंच काही चुकत असेल."

मीहोने बघितलं. तिने पेटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. क्लाउडची कचरापेटी उघडली. मग क्लाउडवरची हालचालींची नोंद उघडली, आणि फेब्रुवारीत सगळ्या फाइली काढल्याच्या ओळीवर तिची नजर थांबली.

"सर, तुम्ही क्लाउडवरून सगळं काढलंत?"

"हो. कोट्यासाठी. पण इथे आहे ना. दोन्हीकडे होतं."

"दोन्हीकडे होतं," ती म्हणाली. "पण ते... सर, ते आरशासारखं असतं. एकीकडचं काढलं की दुसरीकडचंही जातं."

सरांनी पडदा स्वतःकडे वळवला. कानातलं श्रवणयंत्र त्यांनी उगीचच बोटाने नीट केलं.

"असं त्या पानावर नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"तिथे दोन शब्द एका ओळीत होते. मध्ये तिरकी रेघ. मी कोश करतो, मॅडम. आमच्यात अशी रेघ मारली म्हणजे दोन्हींचा अर्थ एक." त्यांच्या आवाजात राग नव्हता. विद्यार्थ्याची चूक दाखवताना बोलतात तसं ते बोलत होते, आणि बोलता बोलता काउंटरची कड धरून खाली बसले. मीहो खुर्ची घेऊन धावली.

खुर्चीवर बसल्यावर त्यांनी सांगितलं, की येत्या शनिवारी मुन म्यंगसू यांचं पहिलं वर्षश्राद्ध आहे. म्यंगसू म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या गावात आयुष्यभर घोडे राखलेला माणूस. सरांनी त्याला तासन्‌तास ऐकलं होतं. त्याच्या मुलाने विचारलं होतं, की श्राद्धाला बापाचा आवाज ऐकवाल का? सरांनी हो म्हटलं होतं.

मीहोने तिकीट उघडलं आणि वर पाठवलं. वरच्या मजल्यावरून ते कंपनीकडे गेलं. कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चार ओळींचं, फार नम्र. ठेवण्याची मुदत संपलेली असल्याने माहिती परत मिळू शकत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

प्यो साहेबांनी तिला आत बोलावलं आणि दार लावलं.

"ते पान मी सकाळी दुरुस्त केलंय. दोन शब्द वेगळे केले. तिकीट बंद करा आता. कारणाच्या रकान्यात 'वापरकर्त्याची चूक' निवडा."

"साहेब, त्यांनी मला फोन करून विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"दोन्हीकडे आहेत ना, असं."

"मग? होत्याच ना दोन्हीकडे? तुम्ही खोटं कुठे बोललात?" साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मला दोन पोरं आहेत, तुमची आई तशी आहे. ऑगस्ट जवळ आलाय. उगीच अंगावर घेऊ नका. आणि मीही तुम्हाला कापायला सांगितलं होतं, ते काय मी विसरलोय? मग माझ्याही अंगावर येईल."

तिने तिकीट बंद केलं नाही. तसंच उघडं ठेवून ती रजा टाकून निघाली.

सरांचा लॅपटॉप घेऊन ती आधी शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने तो दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवून परत दिला. हल्लीच्या डिस्क काढलेलं लगेच पुसून टाकतात, ताई, जुनी चकतीवाली असती तर काही करता आलं असतं, असं तो म्हणाला. मग सरांना आठवलं, की पूर्वी त्यांनी काही घरांना त्यांच्या माणसांच्या आवाजाच्या सीडी करून दिल्या होत्या. मीहोने शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या छोट्या, जुन्या गाडीतून दोघं निघाले.

पहिल्या घरात सून म्हणाली, सासूबाई गेल्या तेव्हा सगळं सामान जाळलं, रीतच आहे ती. दुसरं घर पाडून तिथे कॉफीचं दुकान झालं होतं. तिसऱ्या घरी सीडी निघाली, पण ती चालवायचं यंत्र कुणाकडे नव्हतं. मीहोने ती गाडीतल्या प्लेअरवर लावून बघितली. नुसती खरखर. एका गावात संत्र्याच्या बागेत काम करणारा म्हातारा त्यांचं बोलणं ऐकून हसला.

"सीडी ना? आहेत की! या, दाखवतो. पोरगा म्हणाला, हे गाण्याचं काही नाही, आजोबांची बडबड आहे. मग म्हटलं, कामाला तरी येतील."

झाडांच्या रांगांतून सुतळीला बांधलेल्या चकत्या वाऱ्यावर फिरत होत्या. पाखरं हाकलायला. ऊन-पावसाने त्यांच्यावरचा चंदेरी पापुद्रा उडून गेला होता आणि पलीकडचं आभाळ आरपार दिसत होतं. सरांनी एक हातात घेतली. मागे त्यांच्याच अक्षरातलं नाव पुसट उरलं होतं. त्यांनी ती सुतळी सोडली नाही, नुसतीच चकती उलटी केली आणि परत सोडून दिली.

"पाखरं येतात का?" त्यांनी विचारलं.

"येतात हो. सवय होते त्यांनाही."

परतीच्या वाटेवर मीहोने धीर करून विचारलं, "सर, तुम्ही सगळं लिहूनही काढलं होतं ना? मग कोश तर होईल?"

"होईल. शब्द आहेत, अर्थ आहेत." गाडीची काच वर करत ते म्हणाले, "आमच्या बोलीत एक स्वर आहे. 'घोडा' म्हणताना येतो. 'ओ' नाही, 'अ'ही नाही. जुन्या लिपीत त्याला एक टिंब होतं. मुख्य भूमीवर तो केव्हाच मेला. इथे म्यंगसूच्या पिढीच्या तोंडात होता. कागदावर मी ते टिंब देईन. ते वाचणाऱ्याने तोंड कसं उघडायचं?"

मीहोने गाडी चालवता चालवता तो शब्द म्हणून बघितला. सरांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

शनिवारी संध्याकाळी ते म्यंगसूच्या घरी गेले. सर म्हणाले होते, मी एकटा जाईन. तिने ऐकलं नाही. अंगणात चपलांचा खच पडला होता. आत श्राद्धाचं ताट मांडलेलं: अख्खा भाजलेला मासा, सळईवर भाजलेलं डुकराचं मांस, मुळ्याचं सारण भरलेली कुट्टूची धिरडी, नासपती, आणि म्हाताऱ्याला आवडायचा म्हणून बेकरीतला मऊ पिवळा केक. फोटोतला म्यंगसू डोळे बारीक करून हसत होता. ताटाशेजारी नवाकोरा स्पीकर ठेवलेला होता. तो बघून मीहोला दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

मुलगा दोग्यू, पन्नाशीचा, ट्रकवर काम करणारा, लगबगीने पुढे आला. "या सर, या! बहिणी कालपासून मागे लागल्यात. ही आपली धाकटी तर पुसानहून आलीय, खास."

सर आत जाऊन फोटोपुढे वाकले. मग तिथेच गुडघ्यांवर बसून त्यांनी दोग्यूकडे तोंड केलं.

"दोग्यू, आवाज नाहीये. माझ्या हातून गेला. सगळ्यांचे गेले."

दोग्यूला आधी कळलंच नाही. "म्हणजे, पुढच्या वेळी आणाल?"

"नाही. आता नाहीच."

मीहो मागून म्हणाली, "सरांची चूक नाही. मी विद्यापीठाच्या हेल्पडेस्कवर आहे. मी त्यांना चुकीचं सांगितलं."

दोग्यूचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. "चुकीचं सांगितलं! बाप माझा शेवटची दोन वर्षं बोलत नव्हता, माहितीय? झटक्याने जीभच गेली होती. आम्हाला वाटायचं, असू दे, सरांकडे आहे. आम्ही मोबाइलमध्येसुद्धा काही घेऊन ठेवलं नाही. कशाला? प्रोफेसरांकडे आहे ना! आणि तुम्ही..." त्याने स्पीकर उचलला आणि भिंतीवर फेकला. बायका किंचाळल्या. एक लहान पोर रडायला लागलं.

थोरली बहीण सुन्नाम उठली, शांतपणे स्पीकरचे तुकडे गोळा करून बाहेर ठेवून आली. "बस झालं," ती म्हणाली. "बाबा जेवायचे थांबलेत. आधी त्यांना वाढू दे."

विधी झाला. सगळे आळीपाळीने वाकले, दारू ओतली, घास ठेवला. सरांना आणि मीहोला कुणी जा म्हटलं नाही, कुणी बसा म्हटलं नाही. मग ताट उतरवून सगळे जेवायला बसले, तेव्हा सुन्नामने त्यांच्यापुढेही वाट्या सरकवल्या.

जेवता जेवता पुसानची धाकटी म्हणाली, "ताई, बाबा घोड्यांना कसे बोलवायचे गं? डोंगराच्या त्या अंगाला गेलेले असले की?"

सुन्नामने तोंडाशी हात धरला आणि हाक घातली. लांब, वर चढत जाणारी.

"छे! अशी नव्हती," दोग्यू म्हणाला. "शेवटी खाली यायची." आणि त्याने आपली हाक घातली.

"तू लहान होतास, तुला काय आठवतंय? खाली यायची ती आई हाक मारायची तेव्हाची रे."

एक-दोघं हसले. धाकटीनेही करून पाहिली. मग चुलत्याने. प्रत्येकाची हाक वेगळी होती. पहिल्यांदा त्यांना गंमत वाटली, मग आवाज चढले, मग सुन्नाम चमचा खाली ठेवून म्हणाली, "नाही, नाही, असं नव्हतं, कुणाचंच तसं होत नाहीये." सगळ्यांनी वळून सरांकडे बघितलं.

"सर, तुम्ही सांगा," दोग्यू म्हणाला. त्याच्या आवाजातला राग आता गेला होता, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. "तुम्ही शंभरदा ऐकलंय. कसं होतं?"

सरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी मान हलवली. "मला येत नाही," ते म्हणाले. "मी तर नऊ वर्षांचा असतानाच शहरातल्या शाळेत गेलो."

पुढच्या महिन्यात चौकशी समिती बसली, कारण कुणीतरी वर्तमानपत्राला कळवलं होतं. तिघे जण टेबलाच्या पलीकडे. प्यो साहेब बाजूला, पेनाशी चाळा करत. अध्यक्षांनी मीहोला विचारलं, की प्राध्यापकांनी फोनवर नेमकं काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं?

"त्यांनी विचारलं, दोन्हीकडे आहेत ना. मी म्हटलं, आहेत."

"आणि त्या वेळी ते खरं होतं."

"होतं."

"मग आपला कर्मचारी चुकीचं बोललेला दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि प्यो साहेबांनी पेन खाली ठेवलं.

मीहोला तिथेच थांबता आलं असतं. रात्र रात्र तिने ते घोकलंही होतं. पण फेब्रुवारीतला तो क्षण ती जितक्यांदा आठवून पाही, तितक्यांदा तिला एकच गोष्ट दिसे.

"ते काय करणार आहेत ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "कोट्याची सूचना सगळ्यांना गेली होती. म्हणजे काळजी नाही, असं ते म्हणाले, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, यांना विचारावं, कशासाठी विचारताय. पाच मिनिटं लागली असती. मी पुढचा फोन घेतला."

अध्यक्षांनी आपल्यापुढच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिचे आभार मानले. अहवालात ते आलं नाही. 'वापरकर्त्याच्या गैरसमजामुळे माहिती नष्ट झाली. मदतपानाच्या भाषेत आवश्यक ती सुधारणा करण्यात आली आहे,' एवढंच आलं. तिकीट प्यो साहेबांनी आपल्या नावावर घेऊन बंद केलं. तिकीट बंद झालं की यंत्राकडून तक्रारदाराला आपोआप एक प्रश्न जातो: तुमची अडचण दूर झाली का? तो सरांनाही गेला. सरांनी 'नाही' निवडलं. यंत्राने त्यावर दिलगिरी व्यक्त केली आणि नवं तिकीट उघडायचं असल्यास कुठे दाबायचं ते कळवलं.

ऑगस्टमध्ये सर निवृत्त झाले. मीहोच्या कंत्राटावर नवी सही झाली नाही. प्यो साहेब तिला दारापर्यंत सोडायला आले होते, पाच वर्षांत पहिल्यांदाच. "मी प्रयत्न केला," ते म्हणाले. केला असेलही. "तुम्ही जरा गप्प राहिला असतात तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मीहोने त्यांना नमस्कार केला आणि बसथांब्याकडे चालू लागली. पुढे संत्री पॅक करणाऱ्या सहकारी संस्थेच्या कचेरीत तिला काम मिळालं.

नोव्हेंबरमध्ये, तोडणी ऐन भरात असताना, ती संत्र्यांची एक पेटी घेऊन ह्यन सरांच्या घरी गेली. सर अंगणात कुदळीने माती सैल करून मुळे उपटत होते. तिला बघून ते उभे राहिले, पण पुढे आले नाहीत.

"ज्वा मॅडम. कशा काय आलात?"

"तुम्ही कसे आहात ते बघायला."

"बघितलंत ना." त्यांनी हाताची माती झटकली. "तुम्ही समितीपुढे सगळं सांगितलंत, असं कळलं मला. त्याचा मला काही उपयोग झाला नाही. तुम्हाला लागावं म्हणून म्हणत नाही. आहे तसं सांगतोय." ते पुन्हा खाली वाकले आणि मुळ्याच्या पाल्याला हात घातला.

त्यांची पत्नी पेटी घेऊन आत ठेवून आली आणि मीहोला फाटकापर्यंत सोडायला निघाली. बाई मूळच्या मुख्य भूमीवरच्या, देगूच्या, बोलणं तिकडचं ठसकेबाज.

"दर मंगळवारी जातात वृद्धांच्या केंद्रात. नवं मशीन घेतलंय आवाज घ्यायला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ते म्हातारे यांच्याशी टीव्हीसारखं बोलतात. प्रोफेसर आलेत म्हणून. मोकळं व्हायला वर्षं लागतात म्हणे, पूर्वी लागायची. आणि गेल्या आठवड्यात मला म्हणाले, आता कुणी तसं बोललं तरी मला कळणार नाही. कान गेलेत. यंत्रातून ऐकू येतं सगळं, पण तो त्यांचा कुठलासा स्वर आहे ना, तो इतरांसारखाच ऐकू येतो."

मीहोने फाटकाच्या कडीला हात लावला.

"मला तर ती बोली कधी कळलीच नाही," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं या घरात ते आवाज चालायचे. मी ओरडायचे, बंद करा ते म्हातारे, मला मालिका बघू द्या." त्यांनी पदरासारखा बांधलेला ॲप्रन सोडला, त्यात गुंडाळलेले दोन मुळे मीहोच्या पिशवीत घातले. "वाईट वाटून घेऊ नका, पण परत येऊ नका. तुम्ही किंवा विद्यापीठाचं कुणीही येऊन गेलं, की ते चार दिवस धड जेवत नाहीत."

"बरं," मीहो म्हणाली.

फाटक लागलं. आतून कुदळीचा आवाज पुन्हा सुरू झाला, मग थांबला, मग पुन्हा सुरू झाला. थांब्यावर बस यायला वेळ होता. मीहो रस्त्याच्या कडेच्या काळ्या दगडांच्या कुंपणाला टेकून उभी राहिली, तोंडावर वारा घेत.